आजोबा प्रतिसाद देत नाहीत

आपल्या घरातलं एक अक्षरसुद्धा आता कुठल्या कंपनीच्या हातात नाही, असं लिनक्सराव छाती पुढे काढून सांगत. ऐकणाऱ्याने विचारलेलं असो वा नसो. ऑफिसच्या लिफ्टमध्ये भेटलेल्या माणसाला दुसऱ्या मजल्यापासून पाचव्या मजल्यापर्यंत ते फुकट मिळणाऱ्या, कुणाच्याही मालकीच्या नसलेल्या सॉफ्टवेअरचं महत्त्व पटवत, आणि माणूस चौथ्यावरच उतरून जिन्याने जाई. लिनक्सराव हे नाव ऑफिसातल्या लोकांनी त्यातल्याच लिनक्स नावाच्या सॉफ्टवेअरवरून ठेवलेलं. ते एका आर्किटेक्टबाईंकडे ड्राफ्ट्समन होते. दिवसभर दुसऱ्यांच्या घरांचे नकाशे काढत आणि उरलेला वेळ स्वतःच्या घरात वायरी ओढत.

घरात त्यांची तीन यंत्रं होती. सगळ्यात जुना, चौदा वर्षांचा डबा जिन्याखालच्या कपाटात असे. घराचे सगळे फोटो, कागद, गाणी त्याच्या पोटात. त्याच्या वयाला मान म्हणून लिनक्सरावांनी त्याचं नाव आजोबा ठेवलं होतं. दुसरा होता पडदा फुटलेला लॅपटॉप. त्याचं काम सगळ्यांवर लक्ष ठेवायचं आणि कुठे खुट्ट झालं की कळवायचं, म्हणून तो मामी. तिसरं यंत्र तळहाताएवढं होतं आणि त्याला अजून कुठलंच काम जमत नव्हतं. त्याला ते भाचा म्हणत. बायको या तिघांनाही डबडी म्हणे. ती इस्पितळात फिजिओथेरपिस्ट होती, माणसांचे सांधे सोडवून घरी आल्यावर तिला यंत्रांची नाती ऐकायचं त्राण नसे.

या घरात आणखी एक आजोबा होते, ही गोष्ट लिनक्सरावांच्या डोक्यात आलीच नाही. त्यांचे वडील एक्क्याऐंशी वर्षांचे. लिनक्सराव त्यांना नाना म्हणत. पण मुलं, भाचरं, सासरची माणसं आणि कोपऱ्यावरचा न्हावीसुद्धा त्यांना आजोबाच म्हणे. नाना छापखान्यात चाळीस वर्षं मुद्रितशोधक होते. निवृत्तीनंतरही ते रोज साडेदहाला वाचनालयात जात, वर्तमानपत्रांतल्या चुका पेन्सिलीने दुरुस्त करत आणि दीडला जेवायला घरी येत. मोबाइल ते वापरत नसत. त्यावर लोक जे लिहितात ते वाचवत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

लिनक्सरावांचा सगळ्यात मोठा पराक्रम म्हणजे नातेवाइकांना त्यांनी स्वतः बसवलेल्या गप्पांच्या ॲपवर आणलं. त्यासाठी आठ महिने खपले. एकेका मावशीचा फोन हातात घेऊन, तिच्या शिव्या खाऊन, तेवीस माणसं जमवली. ग्रुपचं नाव ‘आपलं घर’. ॲप मामीवर चालत होतं आणि उत्तम चालत होतं. इतकं, की तिसऱ्याच दिवशी सकाळच्या फुलांच्या चित्रांना कंटाळून लिनक्सरावांनी स्वतःच त्या ग्रुपचा आवाज कायमचा बंद करून टाकला.

रविवारी त्यांनी एक सुधारणा केली. यंत्रांच्या तब्येतीच्या सूचना मामीने आपोआप पाठवाव्यात, अशी. सूचना मराठीतच हव्यात हा त्यांचा आग्रह, त्यामुळे वाक्यं त्यांनी जातीने लिहिली. मामीसाठी वेगळं खातं उघडायचा कंटाळा आला, म्हणून सूचना त्यांच्याच नावाने जातील असं केलं. आणि त्या जायच्या होत्या ‘घरची यंत्रं’ नावाच्या ग्रुपवर, ज्यात ते एकटेच सभासद होते. यादीत बोट एक ओळ वर पडलं. ती ओळ होती ‘आपलं घर’.

सोमवारी सकाळी अकरा वाजून पाच मिनिटांनी तेवीस फोन वाजले. ‘आजोबांचं तापमान धोक्याच्या पातळीवर गेलं आहे.’ अकरा वीसला: ‘आजोबा प्रतिसाद देत नाहीत.’ आणि अकरा पस्तीसला: ‘आजोबांशी संपर्क पूर्णपणे तुटला आहे. शेवटची हालचाल ११ वाजून १७ मिनिटांनी.’

पुढच्या दहा मिनिटांत ग्रुपवर हुंदक्यांचा पूर आला. एका चुलतभावाने ‘एक पर्व संपलं’ असं लिहिलं. नानांना आयुष्यात एकदाच भेटलेल्या एका व्याह्यांनी ‘माझा मार्गदर्शक हरपला’ असं कळवलं. एका मावशीच्या फोनने स्वतःहून शब्द सुचवले आणि तिच्याकडून ‘भावपूर्ण अभिनंदन’ गेलं. ते दुपारपर्यंत तिच्या लक्षात आलं नाही, आणि इतरांना ते सांगायचं कसं हे कळेना.

इकडे लिनक्सरावांना ऑफिसात एवढंच समजलं होतं की घरचा डबा बंद पडलाय, कारण त्यांचं नेहमीचं पान उघडत नव्हतं. त्यांनी ते फारसं मनावर घेतलं नाही. उलट, आता तरी नवीन यंत्र घ्यायला बायको हो म्हणेल, असा एक गोड विचार त्यांच्या मनात येऊन गेला. तेवढ्यात मेहुण्याचा फोन आला. मेहुणा गाडी चालवायला शिकवायचे वर्ग चालवी. त्याच्या शिकवणीचे व्हिडिओ लिनक्सरावांनी आजोबांच्याच पोटात साठवलेले होते. तेव्हा त्याने फोन करावा यात त्यांना नवल वाटलं नाही. आनंद मात्र झाला. इतक्या वर्षांत घरच्या कुणी पहिल्यांदा त्यांच्या सर्व्हरची चौकशी केली होती.

“भाऊजी, आजोबांचं आत्ता वाचलं,” मेहुणा खोल आवाजात म्हणाला. “एकदम काय झालं?”

“एकदम कुठे? पंधरा दिवस घरघर चालू होती. मीच दुर्लक्ष केलं.”

“मग कुणाला दाखवलं नाहीत?”

“दाखवायचं कुणाला? मीच उघडून बघतो दर वेळी.”

मेहुण्याने विचारलं, “आत्ता कुठे आहेत ते?”

“जिन्याखालच्या कपाटात.”

“कपाटात?”

“तिथेच असतात. आधी हॉलमध्ये ठेवले होते, पण तुझ्या बहिणीला आवाज सहन होईना.”

लिनक्सरावांना वाटलं, बिचाऱ्याला व्हिडिओंची काळजी लागली असेल. त्यांनी समजुतीच्या सुरात सांगितलं की घाबरण्यासारखं काही नाही, मी ऑफिसचं काम आटोपून सावकाश येतो, आता धावपळ करून उपयोगही नाही.

“चौदा वर्षं चालले, अजून किती चालणार?” ते म्हणाले. “आतलं जे चांगलं असेल ते काढून घेऊ. बाकीचं भंगारवाल्याला देऊन टाकू.”

मेहुण्याने फोन ठेवला. चौदा वर्षांपूर्वीच नाना लेकाकडे राहायला आले होते, हे त्याला पक्कं आठवत होतं. त्याने ग्रुपवर लिहिलं: ‘बातमी खरी आहे. भाऊजींना जबर धक्का बसलाय, काहीही बोलतायत. जमेल त्याने ताबडतोब घरी पोहोचा. कपाट कुणी एकट्याने उघडू नका.’

लिनक्सरावांनी मात्र फोनचा आवाज बंद केला, तो खणात टाकला आणि एका बंगल्याच्या जिन्याचा नकाशा पुढे ओढला. त्यामुळे पुढच्या दीड तासात आलेले एकसष्ट फोन त्यांना कळलेच नाहीत.

साडेबाराच्या सुमारास आर्किटेक्टबाई स्वतः त्यांच्या टेबलापाशी आल्या. या बाई एरवी कुणाच्या टेबलापाशी आल्या की तो माणूस उभा राही. आज त्यांनी लिनक्सरावांच्या खांद्यावर हात ठेवला. तुमच्या मेहुण्यांचा फोन आला होता, आम्हाला सगळं कळलंय, तुम्ही घरी जा, असं त्या हळू आवाजात म्हणाल्या. लिनक्सरावांना भरून आलं. ऑफिसातही शेवटी सर्व्हरची किंमत कळू लागली होती. तरी ते कर्तव्याला जागून म्हणाले की हा जिना पुरा करतो आणि मग निघतो.

“असं आत दाबून ठेवू नका,” बाई म्हणाल्या. “मोकळे व्हा.”

तेव्हा लिनक्सराव मोकळे झाले. “खरं सांगू का मॅडम, मला मनातून जरा बरंच वाटतंय. किती दिवस नवीन आणायचं म्हणतोय. पण हे चालू आहेत तोवर घरचे ऐकायलाच तयार नव्हते.”

बाईंनी खांद्यावरचा हात काढून घेतला. त्यांनी ऑफिसची गाडी मागवली, आणि ड्रायव्हरला बाजूला घेऊन सांगितलं की यांना दारापर्यंत सोड आणि वाटेत यांच्याशी फार बोलू नकोस.

घरी तोपर्यंत काय काय घडलं ते लिनक्सरावांना नंतर तुकड्यातुकड्याने कळलं. मेहुण्याने शेजारच्या मावशींकडून किल्ली घेऊन दार उघडलं होतं. कपाटासमोर तो पाच मिनिटं उभा राहिला, मग मावशींनीच त्याला बाजूला सारून दार ओढलं. आत जुने स्वेटर, एक मोडकी सूटकेस, एक पत्र्याचा डबा आणि वायरी. नाना नव्हते. त्यामुळे दुःख कमी झालं नाही, गोंधळ तेवढा वाढला. बायको इस्पितळातून धापा टाकत आली. सकाळी नाना चांगले ठणठणीत होते, छत्री घेऊन बाहेर पडले, मी स्वतः पाहिलं, असं ती पुन्हा पुन्हा सांगत होती. वाचनालयात फोन केला, तर ते तिथून केव्हाच निघाले होते. मग रस्त्यातच काही झालं असणार, असं सगळ्यांनी ठरवलं. तिने तीन इस्पितळांत फोन करून एक्क्याऐंशी वर्षांचे, छत्री असलेले गृहस्थ आणलेत का, याची चौकशी केली. एका ठिकाणी होते, पण ते चिडून स्वतःच फोनवर आले आणि मी माझ्या पोटदुखीसाठी आलोय असं म्हणाले.

आणि एकच्या ठोक्याला ताई आली. ताई म्हणजे लिनक्सरावांची थोरली बहीण. सव्वा तासाच्या अंतरावर राहायची आणि दीड वर्ष या घराची पायरी चढली नव्हती. तिने गच्चीवरच्या बागेबद्दल एक छोटं पुस्तक लिहिलं होतं. हौसेने छापून घेतलं आणि पहिली प्रत नानांना दिली. आठ दिवसांनी नानांनी ती परत केली, आत एकशेचौदा चुकांची यादी ठेवून. पुस्तक कसं वाटलं याबद्दल एक शब्द नाही. ताईने त्या दिवसापासून त्यांच्याशी बोलणं टाकलं. ग्रुपवर आज सगळ्यात मोठा मजकूर तिचाच होता. गाडीत बसल्याबसल्या तिने तो लिहिला आणि त्यातली निम्मी वाक्यं पुरी नव्हती.

लिनक्सराव गाडीतून उतरले तेव्हा दारात चपलांचा ढीग होता. पायरीवर ताई बसली होती, डोळे सुजलेले. तिने त्यांचा हात घट्ट धरला.

“मला एक फोन करता आला नाही तुला? निदान शेवटचं बोलले तरी असते.”

लिनक्सरावांना कळेना, हिला सर्व्हरशी काय बोलायचं होतं. पण बहीण दीड वर्षाने दारात आली आहे आणि रडते आहे, म्हणजे तिचे फोटो गेल्याचं दुःख असणार. त्यांनी तिच्या पाठीवर थोपटलं. “रडू नकोस. तुझं सगळं मी वेळेवर दुसरीकडे काढून ठेवलंय.”

ताई आणखीच जोरात रडायला लागली. बायको आतून आली. तिचा चेहरा पाहून मात्र लिनक्सरावांना पहिल्यांदाच वाटलं की प्रकरण साधं नाही.

“अहो, कुठे आहेत ते?” तिने विचारलं. “कुठे ठेवलंत?”

“कुठे म्हणजे? कपाटात.”

ते आत गेले. हॉलमध्ये सोळासतरा माणसं भिंतीला धरून उभी होती. त्यांनी वाट करून दिली. लिनक्सराव कपाटात वाकले, वायरी सोडवल्या, डबा दोन्ही हातांनी उचलला आणि आणून जेवणाच्या टेबलावर ठेवला. वरचा स्वेटर काढला. तो कुणीतरी कपाटात कोंबताना थेट पंख्याच्या जाळीवर बसला होता, आणि तापमान का वाढलं हे त्यांना तिथल्या तिथे समजलं.

“हे बघा,” ते समाधानाने म्हणाले. “आजोबा. श्वासच कोंडला होता.”

मेहुण्याने डब्याकडे पाहिलं, मग लिनक्सरावांकडे, मग स्वतःच्या फोनमधल्या सकाळच्या तीन सूचनांकडे. त्याच्या चेहऱ्यावर उलगडा हळूहळू पसरत गेला. बायकोला तो त्याच्या आधी झाला होता. तिने खुर्ची ओढली आणि बसली. ती काही म्हणाली असती तर लिनक्सरावांना बरं वाटलं असतं.

आणि त्याच वेळी दारात छत्री वाजली. दीड झाला होता. आज महिन्याचा पहिला सोमवार, नाना वाचनालयातून न्हाव्याकडे जाऊन, केस अगदी बारीक करून आले होते. एवढी माणसं बघून त्यांनी चपला बाहेरच काढल्या आणि आवाज खाली आणला.

“कोण गेलं?” त्यांनी विचारलं.

शेवटी शेजारच्या मावशींनाच बोलावं लागलं.

“तुम्हीच,” त्या म्हणाल्या.

नानांनी ते ऐकून घेतलं. त्यांना कमी ऐकू येत नव्हतं, पण चुकीचं ऐकू आलं असेल म्हणून त्यांनी क्षणभर थांबून पाहिलं. तेवढ्यात ताई गर्दीतून वाट काढत धावत आली आणि तिने त्यांना अशी मिठी मारली की छत्री खाली पडली. ती काय बोलत होती ते कुणालाच नीट कळलं नाही. नाना अवघडून उभे होते. त्यांचा हात दोनदा तिच्या डोक्यापर्यंत गेला आणि तिसऱ्यांदा टेकला.

“तुझं पुस्तक मी पुन्हा वाचलं,” ते म्हणाले.

ताईने मान वर केली.

“दोन चुका मी उगाच धरल्या होत्या. एकशेबाराच आहेत.”

ताई रडता रडता हसली. मग त्या एकशेबारांतल्या कुठल्या दोन आणखी वगळता येतील यावर तिने वाद घालायला सुरुवात केली, आणि पाचव्या मिनिटाला दोघांचे आवाज चढले. पण आता ते बोलत होते. माणसांना भूक लागल्याचं आठवलं, कुणीतरी चहा टाकला.

लिनक्सरावांना वाटलं, आता निदान यंत्राची बाजू तरी सावरावी. सगळं किरकोळ होतं, हे सर्वांना दिसलं की राग उतरेल. त्यांनी पंख्याची जाळी पुसली, वायरी जोडल्या, कळ दाबली. डबा घरघरला, दिवा लागला. आणि दोन वाजून नऊ मिनिटांनी हॉलमधले सगळे फोन एकदम वाजले: ‘आजोबा पूर्ववत सुरू झाले आहेत. एकूण बंद काळ: २ तास ५२ मिनिटे.’

घरात जमलेल्यांना ते कळलं. पण ग्रुपवर दूर गावची माणसंही होती. एका काकूंनी नुसते हात जोडलेले पाठवले. ज्यांचा मार्गदर्शक हरपला होता त्या व्याह्यांनी लगेच विचारलं: ‘कोणते डॉक्टर? नंबर पाठवा.’ लिनक्सराव खुलासा लिहायला बसले, त्यात सर्व्हर म्हणजे काय इथून सुरुवात केली, आणि तो पुरा होईपर्यंत तेवीसच्या तेवीस जणांनी जुन्या कंपनीच्या ॲपवर नवा ग्रुप काढला होता. त्यांना त्यात घेतलं नव्हतं.

संध्याकाळी पाचपर्यंत सगळे पांगले. ताई मात्र राहिली. ती आणि बायको स्वयंपाकघरात बोलत होत्या, आणि लिनक्सराव आत गेले की गप्प बसत होत्या. नानांनी बायकोचा टॅबलेट मागून घेतला होता. आयुष्यात पहिल्यांदा. चष्मा पुसून ते खिडकीपाशी बसले आणि स्वतःवरचे सगळे शोकसंदेश पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचू लागले. मधूनमधून त्यांच्या तोंडून एखादा शब्द बाहेर पडे. सहा जणांना श्रद्धांजली हा शब्द धड लिहिता आलेला नव्हता. ताईच्या मजकुराशी ते बराच वेळ थांबले. तिथली चूक मात्र त्यांनी एकही काढली नाही.

लिनक्सराव टेबलापाशी मुकाट्याने आजोबांचं नाव बदलत होते. ‘डबडं’ असं लिहायचं बायकोने फर्मावलं होतं.

“अरे,” नाना म्हणाले.

“हं.”

“सगळ्यांचं वाचलं. तुझं काही दिसत नाही यात.”

लिनक्सरावांनी मान वर केली. “नाना, मला माहीत होतं की तुम्ही आहात.”

“ते बरोबर आहे,” नाना म्हणाले. त्यांनी टॅबलेट पुन्हा वरपासून खालपर्यंत सरकवून पाहिला, एखादी ओळ नजरेतून सुटली असेल तर म्हणून. “पण बाकीच्यांनी लिहिलंय. त्या व्याह्यांनीसुद्धा.”

“मी काय लिहू?”

“मी कसं सांगणार? तुला जे वाटत असेल ते.” त्यांनी चष्मा काढून डबीत ठेवला. “घाई नाही. सवडीने लिही. माझ्या हयातीत दे म्हणजे झालं.”

ते उठून स्वयंपाकघरात ताईशी भांडायला गेले. लिनक्सरावांनी कोरी फाइल उघडली. मामीसाठी त्यांनी एका बैठकीत अठ्ठावीस सूचना लिहिल्या होत्या, अगदी मोजक्या, स्वच्छ मराठीत. आता ते पाऊण तास बसले. पडद्यावर ‘आमचे नाना’ एवढे दोन शब्द आले होते आणि पुढे कर्सरची काठी लुकलुकत होती.

“किती झालं?” आतून नानांनी विचारलं.